साहेब उलट बोलतो

माझ्याइतकं इंग्रजी सबंध लोणावळ्यात कुणाला येत नाही, अशी माझी खात्री होती. रेल्वेच्या इंजिनियर साहेबाची पत्रं मीच लिहायचो. हेडक्लार्क निवृत्त व्हायचे होते, आणि ती जागा मलाच मिळणार, असं मी घरी बायकोला, पद्मजाला, सांगूनही टाकलं होतं.

त्या हिवाळ्यात साहेबाने मुंबईच्या पाहुण्यांना भाज्याची लेणी दाखवायला मला सोबत नेलं. मळवलीला उतरल्यावर मी म्हटलं, "सर, जवळची वाट मला ठाऊक आहे." ती वाट थेट म्हशींच्या डबक्यात गेली. गुडघाभर चिखलात उभा राहून साहेब म्हणाला, "वा, बाबू! फारच झकास वाट."

मी म्हटलं, "सर, परतीची याहून झकास आहे."

दुसऱ्या दिवशी ही हकीकत ऐकून माझ्याच टेबलाशी बसणारे दिगंबरपंत म्हणाले, "अहो, ती आयरनी होती. वाईटाला चांगलं म्हणायचं. इंग्रज माणूस चिडला की उलट बोलतो."

हे मला मॅट्रिकपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. मी लगेच सुधारलो. साहेबाचं प्रत्येक वाक्य उलटं करून घ्यायला लागलो. "अक्षर सुंदर आहे," असं तो म्हणाला की मी पत्र फाडून पुन्हा लिहायचो. त्यापायी एकदा टपालाची गाडी चुकली. साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "तू शुद्ध गाढव आहेस."

मला फार बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात साहेबाने आम्हा दोघा कारकुनांना बोलावून सांगितलं, "रविवारी खंडाळ्याला बंगल्यावर सहकुटुंब चहाला या. मोठे साहेब येताहेत. तुम्हाला भेटून त्यांना आनंद होईल."

रविवारी पद्मजा ठेवणीतलं लुगडं नेसून तयार झाली.

"कुठे निघालीस?" मी म्हटलं. "आनंद होईल म्हणाला. म्हणजे तोंड दाखवू नका."

"अहो, पण चहाला कुणी उलटं बोलावतं का?"

"तुला इंग्रजी कळत नाही."

इतक्यात साहेबाचा शिपाई कोंडाजी सायकल हाकीत आला. "भाऊसाहेब, चला बिगीबिगी. समदी खोळंबल्यात."

"साहेब नेमकं काय म्हणाला?"

"बाबूको जल्दी बुलाव, आसं म्हनला."

"हसत म्हणाला की रागावून?"

"हसत."

"बघ!" मी पद्मजाला म्हटलं, आणि कोंडाजीला परत पाठवलं. "त्यांना म्हणावं, बाबूला सगळं समजलं."

कोंडाजी जाताना म्हणाला, "मला काय बी समजलं न्हाई."

सोमवारी दिगंबरपंत पेढे वाटत होते. मोठे साहेब हेडक्लार्क निवडायलाच आले होते म्हणे.

"अहो, तुम्ही कसे गेलात?" मी विचारलं. "साहेब उलट बोलतो, हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"चिडला की," दिगंबरपंत म्हणाले. "एरवी सरळच बोलतो की."

घरी येऊन मी पद्मजाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ लुगड्याची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तुमच्यासारखा इंग्रजी जाणणारा नवरा मिळायला भाग्य लागतं हो."

जरा धीर आला. साहेब कसाही बोलो, घरचं माणूस तरी मनापासून बोलतं.