सशाची चाचणी

घरात मूल आणताना फारसा विचार करण्याची पद्धत नाही. ससा आणायचा म्हटलं की मात्र माणूस विचारात पडतो. आणि ते योग्यच आहे. (मुलाला निदान ‘गप्प बस’ असं सांगता तरी येतं.)

खरेदी विभागाचे साहेब हे पुरतं जाणून होते. ऑफिसात त्यांनी पंखासुद्धा कधी चाचणीशिवाय घेतला नव्हता. (चाचणी होईतो उन्हाळा संपला, हा उन्हाळ्याचा उतावीळपणा.) त्यामुळे पहिलीतला थोरला आणि बालवाडीतली धाकटी यांनी ‘एक छोटासा प्राणी पाहिजेच’ असा हट्ट धरला, तेव्हा साहेबांनी जेवणाच्या टेबलावरच निवड समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सचिव मुलांची आई. मुलांचे हितसंबंध गुंतलेले असल्यामुळे त्यांना मताधिकार नव्हता.

अटी अगदी माफक होत्या. प्राण्याने केस गाळू नयेत, वास मारू नये, सोफा कुरतडू नये, घर बंद करून गावाला जाताना तोंड पाडू नये आणि मुलं मोठी होईपर्यंत मरू नये. मुलांवर संस्कार मात्र करावेत. मांजर पहिल्याच फेरीत बाद झालं. पोपट बोलतो म्हणून गेला, मासे काहीच बोलत नाहीत म्हणून गेले. कासव जवळजवळ ठरलंच होतं. पण ते अध्यक्षांपेक्षा जास्त जगेल असं कळल्यावर अध्यक्षांनी ते मनाला लावून घेतलं. उरला ससा.

"पण तुला प्राणी हवाय कशाला?" साहेबांनी धाकटीला विचारलं.

"मी बोलले की तो माझ्याकडे बघेल ना, म्हणून."

कारण तांत्रिक नसल्यामुळे ते विचारात घेतलं गेलं नाही.

पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने नियम समजावले: वेळेवर खाणं, रोज स्वच्छ पाणी, "आणि साहेब, रोज अर्धा तास त्याच्याजवळ जमिनीवर बसून बोलायचं बरं का. नाहीतर जीव खचतो त्याचा."

एवढी जबाबदारी झेपेल का, हे बघायला साहेबांनी आठवडाभर चाचणी घ्यायचं ठरवलं. हॉलच्या कोपऱ्यात वॉशिंग मशिनचा रिकामा खोका आडवा ठेवला, शेजारी पाण्याची वाटी. ससा अर्थातच नव्हता. तो चाचणी यशस्वी झाल्यावर यायचा होता. पण रिकाम्या खोक्याशी गप्पा मारताना साहेबांना ओशाळल्यासारखं झालं.

"मी बसते आत," धाकटी म्हणाली आणि बसलीसुद्धा.

मग सगळं नियमाप्रमाणे झालं. रोज संध्याकाळी साहेब मोबाइल बाजूला ठेवून जमिनीवर मांडी घालत, गाजराचा तुकडा पुढे करत आणि बोलत. ससा एकटक बघत राही. हळूहळू ससाही बोलू लागला. बाईंनी सगळ्यांसमोर रागावणं, डब्याच्या सुट्टीत कुणी शेजारी न बसणं, दिवा मालवल्यावर वाटणारी भीती. साहेबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अर्धा तास उलटून गेला तरी ते जमिनीवरून उठले नाहीत. (सशाच्या बाबतीत एवढा हळवेपणा चालतो.) मधेच थोरल्याने आपण कासव असल्याचं जाहीर केलं, पण त्याचा अर्ज मुदतीनंतर आला होता.

रविवारी निकाल लागला. चाचणी पूर्ण यशस्वी, ससा अत्यंत समाधानी, सबब खरा ससा आणण्याचं प्रयोजन उरलेलं नाही. खोका रद्दीवाल्याला दिला.

"अहो, राहू द्या ना तो खोका," आई म्हणाली. पण सचिवाला अध्यक्षांचा निर्णय फिरवता येत नाही.

सोमवारी साहेब घरी आले, तशी धाकटी धावत आली. "बाबा, आज ना शाळेत—"

"एक मिनिट हं, बाळा," मोबाइलवरची नजर न काढता साहेब म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही. अर्ध्या तासाचा नियम सशासाठी आहे. मुलीसाठी असा नियम कुठल्याच दुकानदाराने सांगितलेला नाही. धाकटी थोडा वेळ उभी राहिली आणि मग आपल्या खोलीत गेली.

वाचकांनी साहेबांना हसायला आमची काहीच हरकत नाही. फक्त जरा हळू हसा. मघाशी ‘हे एवढं वाचून होऊ दे’ म्हणून तुम्ही ज्या पोराला थांबवलंत, ते अजून दारातच उभं आहे.