दत्तूभाऊचे झिजलेले दात

शकुंतलेचा श्वास अडकला होता. डोळे पांढरे झाले होते, मी तिच्या पाठीत बुक्क्या घालत होते आणि तिचा नवरा दत्तूभाऊ बाजूला उभा राहून तिच्या वाटीतली नाचणीची पेज पुढच्या दातांत घोळवत होता. म्हणाला, "ताई, कच आहे."

हा माझा इंदिरानगरातला समोरच्या दाराचा शेजारी. सिन्नरच्या कारखान्यात तीस वर्षं दगडाचं पीठ केलं. पीठ बोटांत चोळायचं, मग दातांत धरायचं. कच लागली की पुन्हा दळायचं. दात झिजून अर्धे झाले, खोड तशीच राहिली. पुतणीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी आणलेला बेसनाचा लाडू चावून म्हणाला, "अजून दोन तास फिरवायला हवं होतं."

कुणी विचारो न विचारो, यंत्र समजावतो. उभं पिंप, आत चिनी मातीच्या गोळ्या, मधे फिरता दांडा. "पिंप नाही फिरवायचं, ताई. गोळ्या ढवळायच्या." मी चौथी शिकलेली, पण हे मला झोपेतही येतं.

निवृत्तीला लोक घड्याळ घेऊन घरी येतात. हा कोऱ्या गोळ्यांची पिशवी घेऊन आला.

शकुंतलेला अर्धांगवायू झाल्यापासून कण गेला तरी ठसका लागे. डॉक्टरांनी बजावलं होतं, घास श्वासनळीत गेला तर बाई जाईल. त्या दिवशी ती कशीबशी सावरली. दुसऱ्या दिवशी ह्यानं गोळ्या सराफाकडे तोलून आणल्या. सराफ हसला. मग हा स्टीलच्या डब्यात गोळ्या आणि भिजवलेली नाचणी घालून ड्रिल मशीनला लावलेल्या दांड्यानं ढवळत बसला. आवाजानं सगळी बिल्डिंग गोळा झाली. पीठ मात्र लोण्यासारखं.

त्या पिठाची पेज तिला दिलीच नाही. तिला दूध पाजून आठ दिवस स्वतः चापली. मी म्हटलं, आजारी कोण आहे रे? नवव्या दिवशी गोळ्या पुन्हा तोलल्या. वजन किंचित उतरलं होतं.

"झिजल्यात, ताई. ते तिच्या पोटात नको."

म्हणजे आठ दिवस ते ह्याच्या पोटात गेलं.

गोळ्या फेकल्या. मी माझं जुनं, मऊ लुगडं दिलं आणि म्हटलं, ह्यातून गाळ. तीस वर्षांच्या विद्येला एवढं सुचलं नव्हतं. आता तो दर वाटी तीनदा गाळतो, पहिला चमचा त्या अर्ध्या दातांत फिरवतो, मग तिला भरवतो.

शकुंतला जगली.