तान्हूबाईंचा शाप आणि अष्टप्रधानांची स्वारी

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. जिचे कृपेने जिभेवर शब्द उमटतो आणि पोटात घास जिरतो, तीस दंडवत घालून, शके अठराशे नव्व्याण्णव, पिंगल नाम संवत्सर, पौष मासी जे वर्तमान जाहले ते आठवले तैसे लिहिले असे. अधिक असेल ते बखरकाराचे पदरचे, उणे असेल तो त्याचे म्हातारपणाचा दोष.

एक राज्य होते. नाव लिहीत नाही. तट पांढऱ्या चुन्याचा, वास फिनेलचा, आणि आत सोळा खाटा म्हणजे सोळा जहागिरी. पाचवे खाटेवर रखमाजी गवंडी म्हणून गृहस्थ विराजमान होते; जन्मभर लोकांच्या भिंती उभ्या केल्या, आणि त्यांचेच पोटात आतडे फुटून खिंडार पडले, ते थोरले डॉक्टरांनी चिरून टाके घालून बुजविले. त्यांचे पायथ्याशी त्यांचे कुटुंब तान्हूबाई चटई टाकून ठाण मांडून बसल्या. बाई मनाने लोणी, परंतु जिभेस धार विळ्याची. आणि ह्या सर्व राज्याचा कारभार सिस्टर एलियम्मा नामे परिचारिका करीत असत. मुलूख दूर दक्षिणेस नारळीचा, वय पंचवीस, बोलणे इंग्रजी, आणि मराठी म्हणाल तर चारच हुकूम : उठा, झोपा, तोंड उघडा, खायचं नाही. रोग्याने सुई टोचून घेतली की सिस्टर हसून "थँक्यू" म्हणत, आणि रखमाजी दर खेपेस, न चुकता, उत्तर करीत, "आपल्या माणसाचं आभार मानीत नस्त्यात, पोरी." कारण रखमाजींचे मुलखाची रीतच ऐसी, की परक्याचे आभार मानावे, घरच्याचे मानिले तर तो म्हणतो, मी काय परका झालो का?

मग शस्त्रक्रियेचे तिसरे दिवशी ऐसे जाहले, की रखमाजी भुकेने कासावीस होऊन "घासभर दे गं" म्हणून विनविते जाहले, आणि तान्हूबाईंचे काळीज पाणी पाणी होऊन त्यांनी ज्वारीची भाकर दुधात कुस्करून पदराखाली दडवून आणिली, आणि घास उचलून ओठापाशी नेला तोच सिस्टर घारीसारख्या आल्या, मनगट धरिले, "खायचं नाही!" म्हणून गरजल्या, आणि वाटी हिसकून बादलीत रिती केली. अन्न बादलीत! तान्हूबाई उभ्या राहिल्या, दोन्ही हातांची बोटे कडाकडा मोडिली आणि भर दरबारात शाप दिधला, "माझ्या धन्याच्या तोंडचा घास काढलास न्हवं? तुझ्या ताटात घास पडायचा न्हाई! तुझ्या दारी मांडव पडायचा न्हाई!" सिस्टरांस भाषा कळली नाही, परंतु बोटे मोडणे कोणास कळत नाही? त्यांचा चेहरा उतरला, त्या वाटी ठेवून निघून गेल्या. आणि त्याच दिवशी संध्याकाळी, चटईवर थंडीने कुडकुडत पडलेल्या तान्हूबाईंचे अंगावर ब्लँकेट घालून गेल्या त्याही त्याच.

आणि दहावे दिवशी थोरले डॉक्टर रखमाजींस पेज प्यावयाची परवानगी देऊन तान्हूबाईंस म्हणाले, "आजी, त्या दिवशी तो घास पोटात गेला असता तर टाके उसवले असते, आणि हे आज इथं नसते. सिस्टरनं वाचवलं बरं का तुमच्या मालकांना." त्यातच झाडूवाल्या कांताबाई केर काढिता काढिता वदल्या, "आन् सिस्टर निघाल्या की शुक्रवारी गावाला. लगीन हाय त्यांचं." मग मात्र बाईंचे पायाखालील फरशी सरकली. ज्या पोरीने कुंकू राखिले, तिचेच मांडवास आपण शाप दिधला. आणि शाप म्हणजे सोडिलेला बाण, ज्याने सोडिला त्यानेच माघारी घेतला तर घेतला. आणि दिवस उरले चार.

सहावे खाटेवर घाणेकर मास्तर होते. पेन्शनीत निघालेले इंग्रजीचे पंडित, मांडी मोडिलेली, तंगडी कप्पीने वर टांगलेली, आणि पट्टीवाचून हात शिवशिवत असलेले. ते म्हणाले, "तान्हूबाई, मी सांगतो तिला इंग्रजीत. दोन मिनिटांचं काम." तेव्हा बाई उत्तर करित्या जाहल्या, "मास्तर, शिव्या माझ्या तोंडानं दिल्या, आन् माफी तुमच्या तोंडानं मागू व्हय? मलाच शिकवा." मास्तरांचे डोळ्यांत चाळीस वर्षांचा फळा उभा राहिला.

आणि मग विद्यारंभ जाहला. मास्तर म्हणाले, इंग्रजीत फरगिव म्हणून एक सरदार आहे, क्षमेचे खाते त्याजकडे. आणि थँक म्हणून दुसरा, तो आभाराचा. हे एकटे कधी निघत नाहीत. मागे माणूस लागतो, मी, यू, हिम, हर, देम यांपैकी कोणी. त्याचे मागे फॉर नावाचा चोपदार. आणि चोपदाराचे मागे जी क्रिया चालेल तिने शेपटास इंग बांधूनच चालावे, उघड्या शेपटाने आल्यास दरबारात प्रवेश नाही. आणि स्टॉप म्हणून तिसरा सरदार आहे, अडविणारा, त्याचा चोपदार निराळा, त्याचे नाव फ्रॉम. तान्हूबाई म्हणाल्या, "म्हंजी वरातच की!" मास्तर म्हणाले, "वरातच." आणि मास्तरांची शिकविण्याची तऱ्हा एकच, पाढ्याची. ज्याचे नाव घ्यावे त्याजकडे बोट करावे, हिमपासून आरंभ करावा, आणि मी सर्वांचे शेवटी, कारण स्वतःस पुढे करणे हे सभ्यपण नव्हे. मग चार दिवस पाचवी आणि सहावी खाट दुमदुमली. रखमाजी पेज पिता पिता चुका काढू लागले, "इंग ऱ्हायलं, इंग ऱ्हायलं," आणि बाई खेकसत, "तुम्ही गप पेज प्या!"

शुक्रवार उजाडला. सिस्टर पांढरा पोशाख उतरून निळी साडी नेसून, हाती पेटी घेऊन निरोपास आल्या. बाहेर गाडी उभी. पाचवे खाटेपाशी त्या जरा थबकल्या, बाईंकडे पाहावे की न पाहावे ऐसे त्यांस जाहले. तान्हूबाई उठल्या, हात जोडिले, तोंड उघडिले, आणि हाय रे दैवा, शब्द फुटेना! सात आठे किती ते ज्यास सात एके सात पासून आल्यावाचून सांगता येत नाही, त्यास हे दुःख ठाऊक. पाढा मधून निघत नाही. सिस्टर घड्याळ पाहत्या जाहल्या आणि वळल्या. तेव्हा बाईंनी डोळे मिटून पहिल्यापासून आरंभ केला. नवऱ्याकडे बोट करून, "फरगिव हिम फॉर शाउटिंग!" रखमाजी उडालेच, "आगं, म्या कवा वरडलो?" मग कांताबाईंकडे बोट, "फरगिव हर फॉर शाउटिंग!" "आँ? म्या काय केलं बाई?" मग सोळाही खाटांवरून बोट फिरवून, "फरगिव देम फॉर शाउटिंग!" आणि सारे राज्य हसू लागले, सिस्टरही पेटी खाली ठेवून हसत्या जाहल्या. आणि मग बोट फिरले आणि स्वतःचे छातीवर टेकले, आणि हसणे आपोआप थांबले. "फरगिव मी," बाई म्हणाल्या, "फरगिव मी फॉर कर्सिंग यू." मास्तरांनी टांगल्या तंगडीसह उशीवरून मान उचलिली, ओठ हलविले, परंतु शब्द पुरविला नाही. आणि तान्हूबाईंनी एका दमात, एक पाऊल न चुकता, आठही जणांची स्वारी बाहेर काढिली, "थँक यू फॉर स्टॉपिंग मी फ्रॉम फीडिंग हिम." तू मला ह्यांना भरविण्यापासून अडविलेस, त्याचे उपकार. मास्तर पुटपुटले, "अष्टप्रधान! अष्टप्रधान आले!" आणि चादरीने डोळे पुसते जाहले.

मग बाईंनी पदराखालून वाटी काढिली. तीच वाटी, तैसीच दुधात कुस्करलेली भाकर. घास उचलून सिस्टरांचे ओठापाशी नेला, परंतु पोरीने तोंड फिरविले तर शाप तेथेच राहील. "तोंड उघडा," बाई रडत रडत म्हणाल्या. सिस्टरांनी तोंड उघडिले. घास खाल्ला, दुसरा मागितला, वाटी रिकामी केली. मग बाईंचे भिजलेले गाल दोन्ही हातांत धरून, पंधरवडाभर रोज ऐकिलेला तो एक मराठी धडा, त्याचा एक शब्द न गाळता, त्या म्हणाल्या, "आपल्या माणसाचं आभार मानीत नस्त्यात, पोरी."

साठ वर्षांच्या तान्हूबाई त्या दिवशी पोर जाहल्या. पुढे नारळीचे मुलखातून लग्नाचे पंगतीची तसबीर आली. वधूचे पुढ्यात केळीचे पान, आणि पान भरलेले होते. तान्हूबाईंनी ती देव्हाऱ्यात ठेविली. इतके वर्तमान; वाचणाराचे ताटात घास पडो.