इंगोले सरांचा भोंगा

भर मे महिन्यात इंगोले सरांच्या गाडीवर काकड्या आणि कांदे असतात, आणि वरचा भोंगा ओरडत असतो, मेथी घ्या, सांबार घ्या, वांगे घ्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. बायका पिशव्या घेऊन धावत येतात. सर शांतपणे सांगतात, मेथी नाही. मग भोंगा कायले बोंबलून राह्यला, असं विचारलं की सर काकड्या तोलायला लागतात.

बाकीचे गाडीवाले हंगाम बदलला की भोंग्यात नवा आवाज भरतात. सर भरत नाहीत, कारण आतला आवाज त्यांच्या बायकोचा, शांताकाकूंचा आहे. मंगरूळपीरच्या कडेला त्यांचा मळा. सर शाळेत मराठी शिकवायचे, भाजी पिकवणं आणि विकणं काकूंकडे. काकू वारल्या तसं सरांनी पेन्शनीतला आराम सोडून गाडी हातात घेतली.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान त्यांच्या वाटेवर. एकदा मी सहज म्हणालो, सर, आवाज जरा कर्कश आहे. झालं! "शब्दाचं मूळ पाहा बाप्पा," म्हणत सरांनी गाडी तिथंच लावली आणि तास घेतला. संस्कृतात कर्कश म्हणजे हाताला खरखरीत, कठीण लागणारं. आवाजाला तो शब्द मागाहून चिकटला. तोवर त्यांचीही गिऱ्हाइकं गेली, माझीही. तेव्हापासून गल्लीत तो शब्द कुणी काढत नाही.

मागच्या आठवड्यात भोंगा मध्येच बंद पडायला लागला. सर तो छातीशी धरून दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसेनात. मी तो उघडला, आतला आवाज कसाबसा मोबाइलमध्ये उतरवून घेतला आणि ऐकवला, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. म्हटलं, नव्या भोंग्यात भरून देतो, शिवाय साफ करतो, एकदम गोड होईल.

"गोड नको करू," सर म्हणाले. "भेंड्या तोडू तोडू तिचे हात लय खरबरीत झाले होते. मले ताप आला का कपाळावर हात ठेवे, अन् तो टोचे. मी तिले म्हनो, काढ तो हात. आता कोनीच टोचत नाही मले."

मी आवाज होता तसाच भरला आणि नवा भोंगा त्यांच्या हाती दिला.

सरांनी तो तिथंच सुरू केला. काकूंनी अख्खं दुकान दणाणून सोडलं. सर खाली वाकले आणि त्यांनी भोंग्याच्या तोंडाला कपाळ लावलं.