मुंगळ्यास कुंकू लाविले त्याची हकीगत

विद्यादेवी प्रसन्न असो. तारांस, चाकांस, मळसूत्रांस आणि ती मळसूत्रे फिरविता ज्यांच्या बोटांस घट्टे पडिले त्या लेकरांस आधी नमन, मग अधिपतींस मुजरा. हा क्रम लेखकाने जाणोन धरिला आहे, कोणास खटकला तर खटको. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष शुद्ध द्वादशी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी घडले आणि पुढे त्याचे जे केले गेले ते लिहितो. संवत्सराचे नाव क्रोधी, लेखकाची वृत्तीही तीच. दरबारी ही हकीगत तीन तऱ्हांनी सांगतात आणि तिन्हीतून लेकरेच चुकली ऐसे निघते, ते साफ खोटे आहे.

एक विद्यासंस्थान होते. त्याचे अधिपती श्रीमंत आबासाहेब. पदरी मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिपाई, कारकून ऐसा मोठा जमाव, आणि प्रस्तुत लेखक त्या कारकुनांतील एक. त्याच पदरी कालिंदीबाई रणपिसे म्हणोन विज्ञान शिकविणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दोन वर्षांमागे सातवीची सहा लेकरे निवडोन पलटण उभी केली, आणि प्रयोगशाळेमागील खोलीतील मोडकी बाके बाहेर काढविली, आणि तेथे रोबो बांधावयाचे काम मांडिले. रोबो म्हणजे जेवणाच्या डब्याएवढे यंत्र. खाली दोन चाके, पुढे चिमटा, कपाळी रंग ओळखणारा एक डोळा. मान खाली घालोन ओझे वाहतो म्हणोन लेकरांनी त्याचे नाव मुंगळा ठेविले. त्याचा चिमटा इब्राहीम मुजावर याने घडविला आणि त्यास चालविणारी आज्ञावली शर्वरी डोईफोडे हिने लिहिली. बाईंचा कायदा एकच होता, जे मोठ्या माणसाने यंत्रास हात लावू नये. स्वतः बाई हात पाठीमागे बांधोन उभ्या राहत आणि तोंडाने केवळ प्रश्न विचारीत. एक समयी मुंगळा सरळ जा म्हटले असता डावीकडे वळू लागला आणि नऊ दिवस वळतच राहिला. लेकरे रडकुंडीस आली. तेव्हा इब्राहीम बोलिला, "बाई, सांगून टाका ना. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहितीये, तुमच्या तोंडावर दिसतंय." बाई बोलिल्या, "डावीकडेच का वळतो? उजवीकडे का नाही? दोन चाकांत काय फरक असेल?" दहावे दिवशी इब्राहीमाने डावे चाक काढोन पाहिले तो आसाभोवती शर्वरीचाच लांब केस गुंडाळिला होता आणि चाक त्यात अडकत होते. ते दिवसापासून शर्वरी वेणी घट्ट बांधोन येऊ लागली आणि सहाही जण चाके रोज तपासू लागले. नुसते सांगितल्याने ते कधी तपासते ना. परंतु दरबारी लोक खिडकीतून डोकावत आणि म्हणत, बाई नुसत्या उभ्या असतात, शिकवितात केव्हा? ऐसे म्हणणारांपैकी एकानेही आत येऊन दोन घटका बसण्याची तसदी घेतली नाही.

मग जिल्ह्याच्या सामन्याचा डंका पिटला. एकतीस पलटणी येणार, प्रत्येकीस दोन फेऱ्या, दोहोंचे गुण एकत्र मोजावे, आणि पहिल्या तिघांनी राज्याच्या सामन्यास जावे ऐसा करार. आबासाहेबांनी बाईंस हुजूर बोलाविले आणि आज्ञा केली जे, "पहिल्या तिघांत आलात तर उत्तम. नाही आलात तर पुढल्या वर्षी कौस्तुभराव येतील. त्यांच्याकडे तयार रोबो असतात. मुलांनी फक्त घेऊन जायचं, बटण दाबायचं. उगाच दोन-दोन वर्षं घालवायची कशाला?" हे कौस्तुभराव शहरात यंत्रविद्येचा वर्ग चालवीत आणि सामने जिंकून देण्यात त्यांची मोठी ख्याती होती. ही गोष्ट लेकरांच्या कानी गेली. दोन वर्षे आपल्या हाताने केले ते यापुढे करावयास मिळेल की न मिळेल, हे एका दिवसावर येऊन ठेपले.

मंदवारी सकाळी सारे सामन्याच्या मांडवात दाखल जाहले. आबासाहेबांची स्वारी फोटोवाल्यांसह आली आणि मागे शिपाई तबक घेऊन आला, त्यात कुंकू, अक्षता, नारळ. यंत्र हे शस्त्र आहे आणि शस्त्राची पूजा केल्यावाचून मोहिमेवर जाऊ नये, ऐसे कोणी सुचविले हे आजवर कोणी कबूल करीत नाही. बाई पुढे जाहल्या आणि बोलिल्या, "साहेब, नारळ बाहेर फोडू या. त्याला काही लावायला नको, आता पाच मिनिटांत फेरी आहे." आबासाहेब बोलिले, "अहो बाई, शुभ काम आहे. बोटभर कुंकवानं काय होतंय?" आणि त्यांनी बोट ओले करोन कुंकवात बुडविले, आणि मुंगळ्याच्या बरोबर कपाळी, जेथे डोळा होता तेथे, ठसठशीत टिळा रेखिला, आणि वरून अक्षता टाकिल्या, आणि फोटो निघाले. आता वाचणाराने ध्यानी घ्यावे की सामन्यात दरवाजापुढे लाल पाटी असते तोवर रोबोने उभे राहावे आणि हिरवी पाटी येता चालू लागोन बारा ठोकळे चिमट्याने आपल्या घरात आणावे, ऐसा नियम. शर्वरीने मुंगळ्यास तोच शिकविला होता. लागलीच पलटणीचे नाव पुकारिले, पुसावयास अवसर मिळाला नाही आणि कोणाच्या ध्यानीही आले नाही. हिरवी पाटी आली आणि मुंगळा उभाच. त्यास सर्वत्र लाल दिसत होते, सबब तो आज्ञा पाळोन उभा राहिला. अडीच मिनिटांची फेरी, त्यात एक पाऊल हालला नाही, आणि मिळाले शून्य. आबासाहेब गरजले, "बाई, अहो बघताय काय, हात लावा की त्याला." तो कौस्तुभराव आपली पलटण सोडोन गर्दीतून मदतीस धावोन आले आणि मुंगळा उचलू लागले, तेव्हा बाई मेजापुढे आडव्या उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "मागं व्हा. मुलं बघतील." शर्वरीने वाकोन पाहिले आणि म्हणाली, "बाई, डोळा झाकलाय त्याचा. त्याला सगळं लालच दिसतंय." मग इब्राहीमाने शर्टाचे टोक ओले करोन डोळा पुसला आणि चिमट्याच्या दात्यांतून तांदळाचे पाच दाणे सुईने काढिले, आणि दुसरे फेरीस मुंगळा ऐसा धावला की बारा ठोकळ्यांपैकी बारा घरी आणोन ठेविले. त्या फेरीत एकतीस पलटणींत इतके गुण कोणाचेच जाहले नाहीत. परंतु शून्य ते शून्यच. दोन्ही मिळोन क्रमांक चौथा.

निकालाआधी परीक्षकांनी प्रत्येक पलटणीची मुलाखत घेतली, तिला गुण थोडे. कौस्तुभरावांची पलटण निळे कोट घालोन आली. परीक्षकबाई विचारित्या जाहल्या, "चाक किती फिरलं, हे याला कसं कळतं?" त्यांतील एक मुलगा बोलिला, "ते सरांनी केलंय." त्या लेकरांचा राग लेखकास येत नाही. त्यांस कोणी मळसूत्र हाती दिलेच नव्हते. परंतु पहिला क्रमांक त्याच पलटणीस मिळाला आणि टाळ्या कौस्तुभरावांनी घेतल्या. मग आमची लेकरे उभी राहिली आणि आबासाहेब खुर्च्यांमागे येऊन ऐकू लागले. परीक्षकबाई बोलिल्या, "पहिल्या फेरीत काय झालं?" शर्वरी बोलिली, "डोळ्याला लाल रंग लागला होता. त्याला लाल म्हणजे थांब, म्हणून तो थांबला. चूक आमची आहे. डोळा झाकला गेला तर काय करायचं, हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. आता शिकवू." परीक्षकबाईंनी विचारिले, "कुणी लावला रंग?" शर्वरीने एकवार मागे पाहिले, आबासाहेबांस पाहिले, आणि म्हणाली, "लागला." तेरा-चौदा वर्षांची पोर, तिने अधिपतीची अब्रू झाकिली. अधिपतीने त्याचे काय केले ते पुढे आहे.

सोमवारी दरबार भरला. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, विश्वस्त, सारे आपापल्या जागी बसले. आबासाहेब बोलिले, "मुलीनं परीक्षकांसमोर स्वतः कबूल केलंय, चूक आमची म्हणून. मी स्वतः ऐकलंय. म्हणजे बाईंनी नीट शिकवलं नाही. आता यावर चर्चा कसली?" बाई उठल्या आणि बोलिल्या, "साहेब, कुंकू तुम्ही लावलंत. मी नको म्हटलं होतं, सगळ्यांसमोर." आबासाहेब बोलिले, "म्हणजे आता कुंकवाला दोष देणार तुम्ही?" झाले, सारी सभा ऐशी दचकली जैसे बाईंनी देवच बाटविला. मुख्याध्यापकांनी मान खाली घातली, पर्यवेक्षक चहाचा कप न्याहाळू लागले, आणि ज्या फोटोत टिळा लावणारे बोट स्वच्छ दिसते तो फोटो सभेच्या वृत्तांतास जोडलेला असताही कोणी त्याकडे बोट दाखविले नाही. वृत्तांत लेखकच लिहीत होता. लेखकाने शर्वरीचे वाक्य पुरे लिहिले नाही, "चूक आमची आहे" एवढेच लिहिले, कारण तैसी आज्ञा जाहली आणि लेखकास दुसरी चाकरी नाही. या गोष्टीची लाज वाटते ती येथे सांगतो, दुसरीकडे सांगावयास जागा नाही. ठराव जाहला जे, पलटण कौस्तुभरावांकडे द्यावी आणि कालिंदीबाईंनी आपले तास तेवढे घ्यावे. मागल्या खोलीस कुलूप पडिले.

चौथे दिवशी सहा लेकरांनी मिळोन आबासाहेबांस पत्र दिले. आबासाहेबांनी ते वाचिले, दुसरी सहा मुले निवडावयास सांगितले, आणि पत्र लेखकापुढे टाकोन हुकूम केला जे हे दप्तरी दाखल करू नये. सबब येथे दाखल करितो, अक्षरही न बदलता: "मा. अध्यक्षसाहेब यांस, आम्ही सहा जण पुढच्या वर्षी टीममध्ये राहणार नाही. तयार रोबो चांगला असेल, पण तो कसा चालतो असं कुणी विचारलं तर आम्हाला सांगता येणार नाही, आणि सर सांगतील म्हणायची आम्हाला लाज वाटेल. दुसऱ्या फेरीचे बारा ठोकळे बाईंमुळे आले. शून्य आमच्यामुळे आलं, ते बाईंच्या नावावर लावू नये ही विनंती."

एकूण इतके जाहले. पलटण होती ती मोडिली, शिकवीत होती तिजला बाजूस बसविले, आणि न शिकविणाराचे हाती लेकरे सोपविली. पत्राखाली सह्या सहा आहेत आणि सहाही लेकरांच्या आहेत. मोठ्यांपैकी सही कोणाचीच नाही, लेखकाचीही नाही.