आपल्यातला जंतू

समोरचा आपल्यातला आहे की नाही, हे ठरल्याशिवाय त्याला माणूस म्हणण्याची घाई करू नये. मोठे काका ही खातरजमा घरबसल्या, विनामूल्य करत. (निवृत्तीपूर्वी ते अर्ज फेटाळायच्या खात्यात होते. हाताचं वळण अजून गेलेलं नाही.)

पुतणीनं पसंत केलेला मुलगा इन्सुलिनच्या कारखान्यात कामाला होता. चहा झाल्यावर काकांनी विचारलं, "आपल्यातला आहेस का?"

"कशाच्या बाबतीत, काका?"

"रक्ताच्या."

मुलगा भाबडा. त्यानं सांगितलं, पेशीतले हुकूम तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत असतात आणि माणूस, मासा, केळीचं झाड, जंतू, सगळे ते एकाच अर्थानं वाचतात. (किरकोळ अपवाद आहेत. कुठल्या खात्यात नसतात?) "म्हणून तर माणसाचा इन्सुलिनचा हुकूम आम्ही जंतूत घालतो. तो निमूट वाचतो, करून देतो. तुम्ही रोज टोचून घेता ते त्याचंच."

काकांनी रिकामा कप बशीत आपटला. इतकी वर्षं एका जंतूच्या हातचं घेतलं, आणि तेही घराणं न विचारता!

सुई बंद झाली. काकूंनी हातापाया पडून पाहिलं, पुतणी रडली. "तत्त्व म्हणजे तत्त्व," काका म्हणाले. साखरेला मात्र तत्त्व कळत नाही. दोन-तीन दिवसांत जिभेला कोरड पडली, भिंतीवरच्या एका घड्याळाची दोन दिसू लागली आणि न्हाणीघराच्या दारात काका कोसळले.

पुतणीच्या फोनसरशी मुलगा धावत आला. त्यानं काकांना पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला, दवाखाना गाठला. नर्स सुई घेऊन उभी राहिली. काका भेदरले होते. "टोच, बाई," ते लहान मुलासारखे म्हणाले.

हुशारी येताच त्यांनी खाटेवरूनच ठराव मांडला: सदर जंतू माणसाचं म्हणणं विनातक्रार समजून घेतो आणि सेवेत खंड पाडत नाही, सबब त्यास आपल्यातला समजण्यात यावे. काकूंनी डोळे पुसत अनुमोदन दिलं.

"आणि मी?" मुलानं खांदा चोळत विचारलं.

"तुझं बघू. असे निर्णय घाईनं होत नाहीत."

पुतणीनं निर्णयाची वाट पाहिली नाही. लग्न झालं. काका पहिल्या रांगेत बसले, तोंडभर आशीर्वाद दिला आणि शेजारच्या पाहुण्याकडे झुकून हळूच विचारलं, "आपण कोणापैकी?"

हसा, वाचकहो, खुशाल हसा. असली माणसं आपल्यात थोडीच असतात!