विमलाक्का आणि घाबरट भीमा

म्हैसूरमधल्या बोगादीतल्या आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या विमलाक्का माने कधी तिच्यात पाऊल टाकायला तयार झालेल्या नव्हत्या. भाजीची पिशवी सांभाळत त्या जिन्याने चढतात आणि चढताना स्वतःशीच मोठ्याने बोलतात, "आलं हं, आलं. सुम्ने, गपचूप पुढे बघ." पाल, कुकरची शिट्टी, गॅसचा सिलिंडर, बँकेतून आलेला फोन, अक्का सगळ्याला घाबरतात, आणि घाबरल्या की बोलतात. एकदा स्वयंपाकघरात पाल निघाली तेव्हा तिने कुठल्या वाटेने बाहेर जावं हे अक्का तिला कितीतरी वेळ समजावून सांगत होत्या.

हीच बाई रोज सकाळी घोड्यावर बसते.

मी नोकरीसाठी नाशिकहून इथे आलो तेव्हा कुणीतरी मला हे सांगितलं, आणि मी ते हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी अक्का जिन्यातच भेटल्या. पांढरी तंग विजार, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर हेल्मेट, आणि चेहरा असा की आता फाशीच द्यायची बाकी आहे.

"कुठे निघालात अक्का?"

"मरायला. येतोस का सोबतीला?"

मी गेलो. गावाबाहेरच्या रायडिंग क्लबात भीमा नावाचा एक ताडमाड घोडा उभा होता. पूर्वी शर्यतीत पळायचा. नाव भीमा, आणि काळीज उंदराचं! कुणी छत्री उघडली की हा उधळणार, प्लॅस्टिकची पिशवी उडाली की थरथर कापणार. बऱ्याच जणांना पाडून झाल्यावर त्याच्यावर बसायला कुणी तयार होईना. अक्का बसायच्या. रडकुंडीला येऊन बसायच्या आणि खाली उतरेपर्यंत त्यांचं तोंड थांबत नसे.

"एवढी भीती वाटते तर बसता कशाला?" मी विचारायचो.

"खानदान लष्करी आहे ना, अल्वा?" हे ठरलेलं उत्तर. अक्कांचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. त्यांची तलवार अक्कांच्या बैठकीत टांगलेली आहे. अक्का तिलाही घाबरतात, त्यामुळे तिच्यावरची धूळ मी पुसतो.

मग एक दिवस क्लबच्या मास्तरांनी सांगून टाकलं. हौशी स्वारांची ड्रेसाजची स्पर्धा आहे. तिच्यात भीमा न उधळता शेवटपर्यंत चालला तर राहील, नाहीतर टांगेवाल्याकडे जाईल. राजवाड्यासमोर, बसच्या हॉर्नमध्ये, फुगेवाल्यांच्या गराड्यात भीमा! तो जगला नसता हो. त्या दिवशी अक्का घरी येईपर्यंत गप्प होत्या, आणि मलाच भीती वाटायला लागली.

ड्रेसाजमध्ये पळायचं नसतं की उड्या मारायच्या नसतात. आखलेल्या चौकोनाच्या कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात, आणि मधोमध, पाटीविना, एक्स. कुठल्या अक्षराशी वळायचं, कुठे दुडक्या चालीने जायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. कडेला उभं राहून कुणी ते वाचून दाखवलं तर चालतं, आणि "तुझा आवाज मास्तरासारखा आहे" म्हणून अक्कांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. खरी अडचण पुढेच होती. स्वाराने घोड्याशी बोलायचं नाही. बोललं की गुण कापतात.

आता अक्कांचं तोंड कोण बंद करणार? तोडगा त्यांनीच काढला. गालात विड्याचं पान धरायचं. पांढऱ्या कपड्यांवर लाल डाग पडेल या धास्तीने तोंड उघडणारच नाही. मग रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये मी अक्षरं पुकारायचो आणि अक्का गाल फुगवून गाड्यांमधून दुडक्या चालीने फिरायच्या.

स्पर्धेच्या दिवशी मी कागद घेऊन कडेला उभा राहिलो. "ए पाशी आत या. एक्सला थांबा. नमस्कार." अक्का आत आल्या, थांबल्या, नमस्कार केला. पुढच्या चालीही निभावल्या. मला जरा हायसं वाटलं, तोच 'सी'च्या पाटीमागे, परीक्षकांच्या मांडवाचं कापड वाऱ्याने फडफडलं.

भीमा जागीच थिजला. कान ताठ, अंगावर शहारे, आणि एकेक पाऊल मागे. हा आता उधळणार, या वयात अक्का खाली पडणार, काय काय मोडणार! अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्यांनी घशाखाली काहीतरी ढकललेलं मला दिसलं. पान गिळलं होतं.

"हेदरबेडा, राजा," सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज आला. "घाबरू नको. मी आहे ना. मला पण भीती वाटते त्याची. चल, दोघं मिळून जाऊ."

भीमा तिरपा तिरपा, फुरफुरत, पण गेला. मग अक्का शेवटच्या नमस्कारापर्यंत बोलतच राहिल्या. प्रत्येक चालीला गुण कापले गेले. नंबर शेवटचा आला. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि ते म्हणाले, "घोडा राहू दे. पण बसायचं तुम्हीच." अक्का भीमाच्या मानेत तोंड खुपसून हमसाहमशी रडल्या.

परत येताना मी गाडीत म्हणालो, "काय अक्का, लष्करी खानदान आणि शेवटचा नंबर?"

त्या हसल्या नाहीत. "लहान होते तेव्हा अप्पांनी मला घोड्यावर बसवलं आणि लगाम सोडून दिला. मी किंचाळत होते, आणि घरातले सगळे हसत होते. लष्कराच्या घरात भित्री पोर म्हणून. मत्ते, पुढे नवरा हसला. तुम्ही सगळे हसता. हसा. पण 'मी आहे ना' असं कुणी म्हटलं नाही रे. म्हणून माझं मलाच म्हणत असते. जिन्यात ऐकतोस ना तू?"



इमारतीत शिरलो तेव्हा लिफ्ट खालीच होती. अक्का सवयीने जिन्याकडे वळल्या. दिवसभराच्या दगदगीने पाय उचलत नव्हते त्यांचे. मी लिफ्टचं दार धरून उभा राहिलो.

"अक्का, चला. मी आहे ना."

त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग आत आल्या. दार लागलं, तशी त्यांनी माझी बाही घट्ट पकडली.

"वाच," त्या म्हणाल्या.

"काय वाचू?"

"तेच. वाच."

मी वाचू लागलो. "ए पाशी आत या. एक्सला थांबा. नमस्कार." अक्का डोळे मिटून उभ्या होत्या, आणि चौथा मजला येईपर्यंत एक शब्दही बोलल्या नाहीत.